जुनी साडी आहे का?

परवा नववीच्या पोरांना 'माझा गाव' निबंध दिला तर एकाने लिहिलं, आमच्या गावात एकदा पिक्चर काढला त्यात आमच्या घराची भिंत आहे. मार्क द्यायचे सोडून मी तशीच बसून राहिले थोडा वेळ, कारण भिंत आहे हे खरं आहे, चांगली अर्धा मिनिट दिसते, आणि त्या भिंतीला टेकून जे दोन म्हातारे रोज संध्याकाळी बसायचे त्यांना त्या दिवशी 'जरा बाजूला व्हा काका' म्हणून उठवलं होतं. उठवणारी मीच. मी तिथे पगारी होते.

झालं होतं असं. २०२० चा जानेवारी, लॉकडाऊन वगैरे शब्द अजून कोणाला माहीत नव्हते. गोव्यात डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यातल्या एका शाळेत मी मराठी शिकवते, गावाचं नाव राहू दे. सिनेमाच्या प्रॉडक्शनचा एक मुलगा हेडसरांकडे आला, म्हणाला कलाकार मुंबईचे आहेत, त्यांच्याकडून इथली भाषा बोलून घ्यायला कोणीतरी पाहिजे. सरांनी माझं नाव सांगितलं, कारण जत्रेच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग मी करते (हिला आडून बोलायची सवय आहे, असं सर म्हणाले, आता तो विनोद होता की टोमणा ते देव जाणे). दहा दिवस, न्यायला गाडी, दुपारचं जेवण, वर पैसे. मी रजा टाकली.

गोष्ट ऐकून मी खूश झाले होते, खोटं कशाला बोलू. खाणीवर काम करणारी विधवा बाई, खाण बंद पडते, तरी ती मुलाला शिकवते. गोव्यावरचा सिनेमा आणि त्यात समुद्र नाही! आम्ही डिचोली-सत्तरीची माणसं समुद्रावर वर्षातून दोनदा जातो, ते पण पाहुणे आले तर. हिंदी पिक्चरमधला गोवेकर म्हंजे हातात बाटली, गळ्यात क्रॉस, तोंडात 'मॅन मॅन', आणि बाई असली तर फ्रॉक. तो ख्रिश्चन माणूस पण खरा नसतो ही गोष्ट वेगळी, पण निदान त्याचं खोटं तरी चित्र आहे. आमचं खोटं पण नाही. नाही म्हणायला २००९ चा 'पलतडचो मनिस' होता, कोकणी, लक्ष्मीकांत शेटगावकरांचा, महाबळेश्वर सैलांच्या 'अदृष्ट' कादंबरीवरचा, टोरांटोला समीक्षकांचं बक्षीस मिळालेला. त्यात वनरक्षक आहे एक, बायको गेलेला, आणि रानात सापडलेली वेडी बाई. तो बघताना पहिल्यांदा वाटलं की हे रान मी ओळखते आणि ह्या गावाला पण, कारण त्यातला गाव बिचारा नाहीये, चांगला दुष्ट होऊ शकतो तो. गरिबांना सिनेमात दुष्ट व्हायची मुभा मिळणं ही साधी गोष्ट नाही हो.

तर पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाने (तिशीतला मुलगा, अगदी नम्र, मला ताई म्हणायचा) विचारलं, ताई, मालवणी चालेल ना? म्हटलं कोणाला चालेल? म्हणाला म्हंजे प्रेक्षकाला कळायला पाहिजे, शुद्ध मराठी केली तर गाव वाटत नाही, कोकणी केली तर सबटायटल लागतात, मालवणी मधली पडते. मधली पडते! सिंधुदुर्गातल्या माणसाने हे ऐकलं असतं तर काय म्हटलं असतं ते इथे लिहिता येत नाही.

आता आमचं बोलणं समजावून सांगणं सोपं नाही हे मला मान्य आहे. आमच्याकडे आरती मराठीत, नाटक मराठीत, सकाळचा पेपर मराठीत, आणि भांडण कोकणीत. माझे काका एकदा सांगत होते, पंचायतीला अर्ज दिला मराठीत, सेक्रेटरीशी हुज्जत घातली कोकणीत, गवंड्यावर ओरडलो हिंदीत, आणि काम कुठल्याच भाषेत झालं नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठी वापरायला परवानगी राहिली, त्यावरून आमच्याकडे घराघरात दोन पक्ष होते, पण गाय सुटली की दोन्ही पक्ष एकाच भाषेत तिच्या मागे धावायचे. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे गोव्यात साधारण ११ टक्के, कोकणी ६६. पण एकाच घरात आईने एक सांगितली आणि मुलाने दुसरी अशी घरं मला माहीत आहेत.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं, खरंच लिहून घेतलं, आणि मग ठरलं की नायिका मालवणीसारखं बोलेल, मुलगा शाळेत जातो म्हणून पुस्तकी बोलेल, आणि बाकीचे गप्प राहतील. मी दहा दिवस 'झाला' चं 'झालां' करत होते. ते आमचं नव्हतं, धड मालवणी पण नव्हतं. मी केलं.

खरी गंमत घमेल्याची. पटकथेत नायिका २०१२ साली डोक्यावर घमेलं घेऊन खाणीतलं लोखंडाचं खनिज वाहते. मी म्हटलं, अहो, असं आता कोणी वाहत नाही. माझी आजी वाहायची, पोर्तुगीज असताना, पाटीने, तिच्या लुगड्याचा तांबडा रंग कितीही सोडा घातला तरी जायचा नाही. त्यानंतर मशिनं आली. बाबांच्या काळात खाण म्हंजे एक्स्कॅव्हेटर, ट्रक, वजनकाटा, धूळ बसवायला पाणी मारणारा टँकर, आणि पुढे मांडवीच्या जेटीवरून बार्जमध्ये भरून मुरगाव बंदर. बायका होत्या, पण त्या चहाच्या गाड्यावर, खानावळीत, काट्यावर पावत्या फाडायला. दिग्दर्शक म्हणाला, ताई, पावत्या फाडताना श्रम दिसत नाहीत.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही अजून.

माझ्या बाबांचा एक ट्रक होता. एकच, कर्जावर घेतलेला, स्वतःच चालवायचे. पहाटे चारला लाईनीत उभं राहायचं कारण जितक्या खेपा तितके पैसे, कमरेला पट्टा, तोंडाला रुमाल, आणि महिन्याच्या पाच तारखेला हप्ता. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने थांबवल्या, तेव्हा ट्रक अंगणात येऊन उभा राहिला. आज सुरू होतील उद्या सुरू होतील करत पहिला पावसाळा गेला आणि चाकाच्या रिंगमधून दोडक्याचा वेल वर चढला. पुढच्या उन्हाळ्यात आईने सरळ हौद्यात भिरंडाची, म्हंजे कोकमाची, सोलं वाळत घातली, म्हणाली एवढी मोठी परात दुसरीकडे कुठे मिळणार. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग मधे थोड्या खाणी चालू झाल्या, परत आशा, परत टायर घातले, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत कोर्टाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, १६ मार्चपासून परत सगळं बंद. चुकीचं केलं असं मी म्हणत नाही, आमच्या शेतात पावसात वरून काय वाहून यायचं ते मी पाहिलंय, विहिरींचं पाणी कुठे गेलं ते पण. बाबांना पण माहीत होतं. ज्या धंद्याने शेत खाल्लं त्याच धंद्यातून तांदूळ विकत आणायचा, हे सगळं गाव रोज करत होतं आणि त्याला काय म्हणतात ते कोणाला माहीत नव्हतं.

मी ही सोलांची गोष्ट जेवताना सांगितली. सगळे एकदम 'काय सुंदर आहे' म्हणाले. असिस्टंट मुलीने तर डोळे पुसले. मग दिग्दर्शक थोडा विचार करून म्हणाला, पण प्रॉब्लेम काय आहे ताई, ट्रक आला की तो मालक होतो, मग तो शोषित राहत नाही. म्हंजे बघा, बँकेला बाबा कर्जदार, कंपनीला ट्रकवाला, क्लीनरला मालक, आईला वैताग, आणि सिनेमाला काहीच नाही. गावाकडच्या कामकरी माणसाचे सिनेमात पाय अनवाणी पाहिजेत. त्याच्याकडे चाकं असली की तो फ्रेमच्या बाहेर.

पण मी रागावले वगैरे नाही तेव्हा. रोज गाडी न्यायला येत होती, शेजारणी विचारत होत्या हिरोईन कशी आहे. चांगली होती हिरोईन, खरंच. तिला रोज दोन-तीन शेड काळी करायचे. गळ्यापर्यंत, हातांना, पायांना. दुपारी खाणीच्या त्या उघड्या पिटमध्ये जानेवारीतसुद्धा ऊन सणसणीत, तिचा चहा पिऊन झाला की कपाच्या काठाला तपकिरी ओठ उमटलेले असायचे. आमच्याकडे उन्हात काम करणाऱ्या बायकांचा वर्ण काही एक नसतो हो, कोणी गोरी असते आणि उन्हाने लाल होते. पण सिनेमाचा एक रंगाचा डबा असतो, त्यावर गरीब लिहिलेलं असतं बहुतेक.

आता घमेली उचलायला बायका कुठून आणायच्या? गावातल्या कोणी तयार होईना, पैसे मिळणार होते तरी. घमेलं घेऊन फोटोत यायचं? सून बघेल, पाहुणे बघतील. मग प्रॉडक्शनच्या मुलाने जवळच्या बांधकामावरून सहा बायका आणल्या, कर्नाटकातल्या, गदगकडच्या, तिथे सिमेंटची घमेली उचलत होत्या त्या इथे मातीची उचलायला आल्या, रोज जास्त मिळाला. त्यातल्या एकीला बाकीच्या अक्का म्हणायच्या, मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो.

कपडेपटाची मुलगी आली आणि तिने त्या बायकांना पहिला प्रश्न हा विचारला: जुनी साडी आहे का? नवी साडी जुनी दाखवायला चहाच्या पाण्यात बुडवावी लागते, घासावी लागते, तरी कॅमेऱ्यात खोटी दिसते. खरी जुनी ती खरी जुनी. अक्काच्या अंगावर एक विटक्या निळ्या रंगाची होती, काठाजवळ सळईत अडकून फाटलेली, हिरव्या दोऱ्याने शिवलेली. मुलगी एवढी खूश झाली! तिथल्या तिथे सौदा, एका जुनीला दोन नव्या. अक्का खोपीत जाऊन साडी बदलून आली. निळी साडी धुऊन इस्त्री न करता हिरोईनला नेसवली. अक्का नवीकोरी पिवळी नेसून मागे उभी राहिली, तर कॅमेरामन म्हणाला ती पिवळी फार मारतेय, तिला अजून मागे घ्या.

चुंबळ कशी करायची ते हिरोईनला अक्कानेच शिकवलं. पदर पिळून, दोन वेढे, टोक आत. तीनदा केली तरी हिरोईनची सुटायची. शेवटी आतून पिना लावल्या.

आणि नेलपॉलिशचं सांगायचं राहिलं. दोन शॉटच्या मधे अक्का मेकअपच्या मुलीकडे जाऊन बसली आणि हाताने खूण केली, हे लाव. मुलीने हसत हसत लावलं, गुलाबी, एका हाताची पाचही बोटं झाली आणि बोलावणं आलं. कंटिन्युइटी बघणाऱ्याने ते बघितलं आणि कापूस आणि रिमूव्हर मागवला. लेबरच्या हाताला नेलपॉलिश कसं असेल, असं तो कोणाला तरी सांगत होता, आणि ज्या हाताबद्दल बोलत होता तो हात समोर होता.

मला 'फँड्री' आठवतो अशा वेळी. कोल्हापूरला आत्याकडे गेले होते तेव्हा थिएटरला पाहिला, २०१४ च्या फेब्रुवारीत. सगळे शेवटच्या दगडाबद्दल बोलतात, किंवा राष्ट्रगीत लागल्यावर डुक्कर पुढे पळतंय आणि हे सगळे ताठ उभे, त्याबद्दल. बरोबरच आहे. पण मला जास्त लागलं ते हे की जब्याला जीन्स पाहिजे असते. त्याला काळी चिमणी पाहिजे असते, तिची राख त्या मुलीवर टाकली की ती वश होते म्हणे. म्हंजे त्याच्या मनात जे चाललंय ते नुसतं जातीचं दुःख नाहीये, त्याला खुळी, खाजगी, स्वतःपुरती हाव आहे. आमच्या सिनेमातल्या बाईला पूर्ण पावणेदोन तासात एकच गोष्ट पाहिजे होती, मुलाचं शिक्षण. स्वतःसाठी तिने चहासुद्धा मागितला नाही. आणि पन्नास फुटांवर एक खरी बाई गुलाबी नेलपॉलिश मागत होती.

हे सगळं त्यांच्यावर ढकलून मी मोकळी झाले असते. पण एक गोष्ट आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री दिग्दर्शकाने मला बसवून विचारलं होतं, ताई, गावात अजून कोण कोण राहतं, मला बॅकग्राऊंडला गाव खरं पाहिजे. चांगला प्रश्न होता. मी सांगितलं, देवळाकडे अमुक वाडा, खाली नदीकडे तमुक, गावडे आहेत, दोन ख्रिश्चन घरं आहेत, पोदेर म्हंजे पाववाला सायकलवरून येतो, भोंगा वाजवत. त्याने सगळं लिहिलं. सिनेमात पोदेर आहे, सायकल आहे, भोंगा पण आहे, झकास आहे.

मी धनगरांचं सांगितलं नाही. डोंगरावर, वरच्या रानाच्या कडेला धनगरांची सहा-सात घरं आहेत, लहानपणी त्यांचंच दूध प्यायले मी, म्हातारा पहाटे कळशी घेऊन उतरायचा आणि आमच्या पायरीच्या खालीच थांबायचा. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातीत घेतलं, धनगर गवळी मागणी करत राहिले, ते मी वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला कोणी रजेवर असलं की शिकवलेलं आहे. पण 'गावात कोण राहतं' विचारल्यावर माझ्या डोक्यात गाव पायरीपाशी संपलं. बांधकामावरच्या खोपीतल्या कानडी माणसांचं तर डोक्यात आलंच नाही, ती समोर घमेली घेऊन उभी असताना. जनगणनेत गोव्यात कन्नड मातृभाषावाले साडेचार टक्क्यांच्या वर आहेत, आम्हा मराठीवाल्यांच्या निम्म्याच्या जवळपास येतात. आमची घरं त्यांनी बांधली, स्लॅब त्यांनी घातले. आमच्या जत्रेच्या नाटकात ट्रक ड्रायव्हर महाराज होतो, पंच सेनापती होतो, वाण्याचा मुलगा दरवर्षी स्त्री पार्ट मागतो आणि आम्ही देत नाही, आणि धनगर आणि कानडी मागे उभे राहून बघतात. प्रॉम्प्टर मीच. वीस वर्षांत मला कधी वाटलं नाही की ह्यातलं कोणीतरी रंगमंचावर का नाही. दिग्दर्शकाने निदान विचारलं तरी होतं.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, सिनेमा अडकला. त्यांचे मेसेज यायचे थांबले, माझे शेवटच्या तीन दिवसांचे पैसे पण थांबले, ते जाऊ दे. थिएटरला तो कधी लागलाच नाही. २०२२ मध्ये कधीतरी त्या असिस्टंट मुलीने मला लिंक पाठवली, पासवर्डसकट, कोणाला देऊ नका म्हणून. रात्री मोबाईलवर बघितला. सुंदर दिसतो हो आमचा पिट, तळाशी हिरवं पाणी साचलेलं, वर तांबडे कडे, परदेश वाटतो. भाषा ऐकवत नाही. माझं नाव शेवटी येतं, त्यात पण एक अक्षर चुकलंय, भाषा सल्लागाराच्या नावात! बाबा शेजारी बसले होते, अर्ध्यात उठून गेले, जाताना एवढंच म्हणाले, खणीर ट्रक खंय?

अक्का एकदा दिसते. हिरोईन घमेलं ओतून वळते तेव्हा तिच्या खांद्यामागे, धूसर, पिवळा ठिपका चालत जातो, चार सेकंद. डोक्यावरचं घमेलं एकाही हाताने धरलेलं नाही. मी थांबवून थांबवून बघितलं, सगळ्या सिनेमात घमेलं न धरता चालणारी ती एकटी आहे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीचं काम निघालं आणि माणसं आली त्यात अक्का. मी ओळखलं, तिने आधी ओळखलं नाही, मग 'पिच्चर टीचर' म्हणाली. लॉकडाऊनला गावी गेली होती, जाताना काय हाल झाले ते सांगितलं तिने, इथे लिहीत नाही. मधल्या सुट्टीत मी मोबाईल काढला. पासवर्ड कोणाला द्यायचा नव्हता, दाखवायचा नाही असं कुठे म्हटलं होतं. तो चार सेकंदांचा शॉट लावला, थांबवला, पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हटलं, ये तुम.

तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिचं बोट हिरोईनवर गेलं. 'ये मेरा साडी.' मग दोन बोटांनी तिने चित्र मोठं केलं, हे तिला येत होतं, हिरोईनचा चेहरा वर निघून गेला, खांदा गेला, आणि काठ आला, आणि काठाजवळ तो हिरव्या दोऱ्याचा टाका. 'ये मैं सिया,' म्हणाली. अजून मोठं केलं. टाके सरळ होते, बारीक, सात का आठ. तिने ते मोजल्यासारखं बघितलं. गळ्याजवळ काठाला तपकिरी डाग पडला होता मेकअपचा, तो पण दिसला तिला, जीभ चुकचुकवली. म्हणाली, धुताना गरम पानी नको होतं घालायला.

तेवढ्यात मिस्त्रीने हाक मारली. ती उठली, पदर पिळून दोन वेढे दिले, टोक आत खुपसलं, आणि जाता जाता थांबून विचारलं, वो लोग वापस आएगा क्या? घरी अजून दोन जुन्या आहेत, म्हणाली.